मामांनी मोबाईल आडवा का धरला? हवामानाचे नकाशे कळतात म्हणजे नक्की काय कळतं?

रापणकर
मृग तोंडावर आलाय. घरच्या ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी रंगीत नकाशा टाकतं, त्याखाली दहा जण "बापरे" लिहितात. म्हटलं यावर एकदा बोलूच.

मी मालवणात शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे पुढचा किस्सा सांगायला थोडी लाज वाटते. १५ मे २०२१ ची संध्याकाळ. तौक्ते चक्रीवादळ वर सरकत होतं. ग्रुपवर त्याच्या मार्गाचा नकाशा आला. मधली रेघ भर समुद्रातून गुजरातकडे गेलेली. मुंबईच्या भावाने लिहिलं, "रेघ आपल्यापासून लांबून जातेय, टेन्शन नाही." मीही वर अंगठा टाकला.

मामा शेजारी बसले होते. आयुष्यभर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. शिक्षण सातवी. त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि आडवा फिरवला. स्क्रीन आपोआप सरळ झाली तसे वैतागले, "ह्येका गप रव्हाक सांग." मी ऑटो-रोटेट बंद केलं. मग त्यांनी नकाशा असा धरला की पश्चिम वर आली. म्हणजे दांडीच्या किनाऱ्यावर दर्याकडे तोंड करून उभं राहिलं की जसं दिसतं तसं: समोर दर्या, उजव्या हाताला गुजरात, डाव्या हाताला केरळ, पाठीमागे डोंगर.

"ह्या चाक खयच्या अंगान फिरता?"
"घड्याळाच्या उलट."

मामांनी बोट चक्राच्या मध्यावर ठेवलं आणि ते चक्र हळूहळू उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे, सरकवत नेलं. दुसऱ्या हाताचं बोट मालवणावर. तोंडाने पुटपुटत होते. चक्र अजून खाली डावीकडे असताना वारा आग्नेयेकडून, समोर आलं की दक्षिणेकडून, उजवीकडे गेलं की नैर्ऋत्येकडून. मग म्हणाले, "रेघ लांब आसा, पण वारो आमच्यारच येतलो. होडये वर ओढूक व्हये." रात्री साडेदहापर्यंत सगळ्यांनी मिळून होड्या पार माडांपर्यंत ओढल्या. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, वारा अगदी तसाच फिरत गेला. होड्या वाचल्या. आमच्या पडवीचे कौल मात्र शेजारच्या विहिरीत सापडले.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा उजवीकडे का वळतो (कोरिओलिस परिणाम) हे मी फळ्यावर काढून दाखवू शकतो, मामांना तो शब्दही माहीत नाही. तरी त्या नकाशात मी एक रेघ पाहिली आणि त्यांनी वारा पाहिला. मग नकाशा कळायला काय लागतं? माहिती, की डोक्यात चित्र फिरवता येणं? की दोन्ही नसतानाही आपल्याला कळल्यासारखं वाटतं, हाच खरा घोळ आहे?

---

चाकरमानी_ठाणे
मास्तर, किस्सा भारी. पण नकाशे मुळात खरे असतात का ते आधी बोला. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी घरी आलो, जिल्हा लालभडक, शाळांना सुट्टी. आणि आमच्या गावात लख्ख ऊन, आई वाळवण घालून बसलेली. आमची आजी तेरड्याकडे बघून यापेक्षा बरं सांगायची.

---

समदाब
@चाकरमानी, तुमच्या गावात ऊन होतं म्हणजे नकाशा चुकला असं होत नाही. पूर्ण जिल्ह्याला एकच रंग दिला जातो, पण त्याखाली एक शब्द असतो जो कोणी वाचत नाही: "तुरळक ठिकाणी". हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे पाऊस मोजणारी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रं, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०, बऱ्याच ठिकाणी ५१ ते ७५, बहुतांश ठिकाणी त्याच्या वर. म्हणजे "तुरळक ठिकाणी अतिमुसळधार" असं लिहिलं असेल तर जिल्ह्यातल्या चारपैकी तीन जागी तो पाऊस होणार नाही असं त्यातच सांगितलेलं आहे.

आणि अतिमुसळधार म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी. ६४.५ पासून मुसळधार, २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. रंग मात्र नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही, शक्यता किती आणि परिणाम किती हे दोन्ही धरून ठरतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हलायला लागा.

एकाच शहरात किती फरक पडतो ते २६ जुलै २००५ ला सगळ्यांनी पाहिलंय. सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७५ च्या आत. ठाण्याला राहता, तुम्हाला हे मी काय सांगायचं.

---

चाकरमानी_ठाणे
तेव्हा मी कुर्ला स्टेशनात रात्र काढली होती. बरं, मान्य. पण मग "तुरळक" हा शब्द लाल रंगाच्या आत मोठ्या अक्षरात लिहा ना. रंग आधी दिसतो, शब्द नंतर.

---

समदाब
हे तुम्ही सहज बोललात, पण याच्यावर रीतसर प्रयोग झालेत आणि रापणकर सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. (मी नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, माणसं माझे नकाशे चुकीचे वाचतात म्हणून हे वाचायची वेळ आली.)

कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात मेरी हेगार्टी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे प्रसिद्ध केलं. हवामानाचे नकाशे दाखवून लोकांना वाऱ्याबद्दल अनुमान काढायला सांगितलं. काही नकाशांत कामाची गोष्ट, म्हणजे हवेचा दाब, ठळक होती. काहींत बिनकामाची गोष्ट, म्हणजे तापमान, भडक. लोकांचे डोळे कुठे जातात ते यंत्राने टिपलं. मग त्यांना दाब आणि वारा यांचं नातं शिकवलं आणि पुन्हा तेच काम दिलं.

शिकवण्याआधी नकाशा कसाही रंगवा, उत्तरांत फरक पडला नाही. ज्याला काय शोधायचं तेच माहीत नाही त्याला ठळक रेघ काय आणि फिकट रेघ काय. शिकवल्यावर मात्र कामाची गोष्ट ठळक असलेल्या नकाशांवर उत्तरं जास्त बरोबर आली. आणि नजर कुठे जाते हे मुख्यतः रंगावर नाही, काम काय दिलंय आणि माहिती किती आहे यावर ठरत होतं.

म्हणजे चाकरमानी, "तुरळक" मोठ्या अक्षरात लिहून उपयोग होईल, पण ज्याला तुरळकचा अर्थ माहीत आहे त्यालाच.

---

सोलकढी
माझी वेगळीच गंमत. मला माहिती सगळी आहे, दिशाच गंडतात. आंब्याचा व्यवसाय आहे, देवगडला. मोहोर असताना पाऊस येणार का, फवारणी करायची का, हे बघायला रोज ॲप उघडते. सुरुवातीला "नैर्ऋत्य वारा" वाचलं की मी बाण नैर्ऋत्येकडे जाताना बघायचे. वारा कुठून येतो त्यावरून त्याचं नाव असतं हे कळायला एक सीझन गेला. समुद्राच्या प्रवाहाचं नाव मात्र तो कुठे जातो त्यावरून. हे कोणी ठरवलं त्याला एकदा भेटायचंय.

मग जुन्या पद्धतीच्या चार्टवर ती पिसं असलेली काडी. काडीचं पिसं असलेलं टोक वारा येतो त्या बाजूला. अर्धं पीस ५ नॉट (ताशी सागरी मैल), पूर्ण १०, त्रिकोणी झेंडा ५०. मला ती बाणासारखी दिसते आणि बाणाला पिसं मागेच असतात, असं डोक्यात बसवलं तेव्हा कुठे जमलं.

---

दर्यावर्दी७
ताई, बायकांना नकाशे आणि गाडी मागे घेणं, दोन्ही जरा जडच जातं 😄

---

सोलकढी
दादा, माझी पिकअप मी आंब्याच्या पेट्यांसकट आमच्या घाटीतून रिव्हर्स काढते. या एकदा बघायला. वजन काट्यावर तुमचंही करून देईन.

---

समदाब
वाद वाढायच्या आत. आकृती डोक्यात फिरवण्याच्या चाचणीत स्त्री-पुरुषांच्या सरासरीत फरक दिसतो हे खरं आहे, पण सरासरीवरून समोरच्या माणसाबद्दल काही कळत नाही. आणि ही क्षमता सरावाने वाढते. २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र करून हे तपासलं गेलंय. म्हणजे जन्मतः मिळालेली खोट वगैरे काही नाही.

मामांच्या गोष्टीत मला हेच आवडलं. १९७१ चा शेपर्ड आणि मेट्झलर यांचा प्रसिद्ध प्रयोग आहे. दोन आकृत्या सारख्या आहेत का हे ओळखायला लागणारा वेळ, एक आकृती दुसरीपेक्षा जितके अंश फिरलेली तितका वाढत जातो. जणू आपण डोक्यात ती वस्तू खरोखर फिरवतो. मामांनी ते ९० अंश डोक्यात फिरवायचे कष्टच घेतले नाहीत. मोबाईल फिरवला. वाचलेलं डोकं वाऱ्याला दिलं.

---

रापणकर
@समदाब, हे मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मगे डोक्यात कित्याक फिरवूचा? हात आसत मा."

---

हर्णैकर
आमच्याकडे निसर्ग चक्रीवादळाचं उलट झालं. ३ जून २०२०. दोन दिवस टीव्हीवर मुंबई आणि अलिबाग, अलिबाग आणि मुंबई. हर्णैत लोक म्हणत होते आपण नकाशात खाली आहोत, वादळ वर चाललंय. दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं, आमच्यापासून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर. दापोली-मंडणगडात ज्यांची सुपारी-नारळाची बाग होती त्यांनी अजून ते दिवस विसरलेले नाहीत. आमच्या घरामागचा फणस आजोबांनी लावलेला, तो मुळासकट आडवा झाला, आणि ज्या दिशेला पडला ती दिशा मला अजून लक्षात आहे: ईशान्येला.

ती दिशा का, हे मला नंतर कळलं. वादळ ईशान्येकडे चाललेलं. आपण वादळाच्या पाठीवर उभे राहून त्याच्या चालीकडे तोंड केलं तर हर्णै उजव्या हाताला येतं. उजव्या बाजूला चक्राचा वारा आणि वादळाची स्वतःची चाल एकाच दिशेने, म्हणून जोर जास्त. डाव्या बाजूला एक दुसऱ्यातून वजा होतं. शिवाय आमच्याकडे वारा समुद्रावरून आत, उत्तरेकडच्या बाजूला तो जमिनीवरून बाहेर. एकाच वादळाच्या दोन बाजूंना दोन वेगळी वादळं.

हे सगळं त्या नकाशातच होतं. रेघ, चालीची दिशा, वेळ. पण आम्ही नकाशात "आपण आणि केंद्र यांत अंतर किती" एवढंच पाहिलं. कोणत्या बाजूला आहोत हे पाहिलंच नाही.

---

रापणकर
@हर्णैकर, अगदी! आणि वादळाच्या मार्गाच्या नकाशातली ती कोनासारखी पांढरी पट्टी. माझ्या वर्गात विचारलं, पट्टी पुढे रुंद का होत जाते? बहुतेकांनी सांगितलं वादळ मोठं होत जातं. पट्टी म्हणजे केंद्र कुठे असू शकेल याची अनिश्चितता; वादळाचा आकार नाही. पट्टीच्या बाहेर असलेल्यालाही वाऱ्याचा तडाखा बसतो. अमेरिकेत २००४ च्या चक्रीवादळांनंतर फ्लोरिडात हाच गैरसमज तपासला गेला होता, म्हणजे आमची नववी एकटी नाही.

आणखी एक. रंग भरलेला तापमानाचा नकाशा, वर समदाब रेषा (सारखा दाब असलेल्या जागा जोडणाऱ्या), आणि प्रश्न: रत्नागिरीला वारा कुठून वाहील? बरीच मुलं लाल भागाकडे बाण काढून मोकळी झाली. काहींनी समदाब रेषेलाच वाऱ्याची वाट समजून तिच्यावरून बाण काढला. गंमत म्हणजे वर गेल्यावर वारा जवळपास तसाच वाहतो, म्हणून मी त्यांना पूर्ण चूक देऊ शकलो नाही. जमिनीलगत घर्षणामुळे तो रेषा तिरपी ओलांडून कमी दाबाकडे झुकतो.

---

वाशिष्ठीकाठ
चिपळूणहून. आमचं दुखणं बाजूचं नाही, वरचं आहे.

२२ जुलै २०२१. आदल्या रात्री मी नकाशा पाहिला होता. आपला तालुका कसा आहे, भरती किती वाजता, एवढं पाहून झोपलो. पहाटे बाजारात पाणी. दुकानात तळमजल्यावर माल, सकाळी नऊपर्यंत दुकानाची पाटी सुद्धा दिसेना. नंतर आकडे आले, महाबळेश्वरला २४ तासांत साडेपाचशे मिमीच्या वर.

नकाशावर चिपळूण आणि घाटमाथा यांत बोटभर अंतर. पण नदीच्या हिशेबात घाटमाथ्याची पश्चिम उतरण म्हणजे आमच्या डोक्यावरची पन्हळ. आणि घाटाच्या पूर्वेला पडलेलं पाणी कृष्णेकडे जातं असं शाळेत शिकलो, ते अर्धंच खरं. कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला उतरतं, वीज करून कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत येतं. हवामानाच्या नकाशावर हा बोगदा कुठेही नसतो. तो आपल्या डोक्यात असावा लागतो.

आता मी नकाशा बघताना आमच्या तालुक्यावर बोट ठेवतच नाही. आधी पूर्वेला बघतो.

---

समदाब
@वाशिष्ठीकाठ, तुमचं वाचून सुन्न झालो. याच्याशी जुळणारं एक सांगतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठातल्या रिचर्ड लो यांनी हवामानतज्ज्ञ आणि सामान्य माणसं यांच्यासमोर अर्धवट नकाशे ठेवले आणि चौकटीबाहेर काय असेल ते काढायला सांगितलं. सामान्य माणसांनी चौकटीपर्यंत आलेल्या रेघा नुसत्या पुढे ओढल्या. तज्ज्ञांनी चौकटीबाहेर नवी कमी दाबाची क्षेत्रं उभी केली, कारण आतलं चित्र बाहेर काहीतरी असल्याशिवाय तसं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तुमचा बोगदा हा तसाच, नकाशात न काढलेला भाग.

---

कातळसडा
राजापूरहून हजेरी. सगळे वादळावर बोलताय, रोजच्या पावसावर कोणी नाही.

जुलैत आमच्याकडे सलग धो-धो पडत असतो. ॲपवर उपग्रहाचं चित्र उघडावं तर आमच्यावर नुसता राखाडी रंग, आणि लालभडक गोळा तिकडे बंगालच्या उपसागरात. किती दिवस मला वाटायचं उपग्रहच बिघडलाय. मग एका ओळखीच्या नौदलातल्या माणसाने समजावलं. ते रंग पावसाचे नाहीतच, ढगाच्या डोक्याच्या तापमानाचे आहेत. ढग जितका उंच, डोकं तितकं थंड, रंग तितका भडक. कोकणातला पावसाळी ढग बराचसा बुटका असतो. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून वर ढकलली जाते, आणि ढग फार उंच न जाताच रिकामा होतो. बुटक्या ढगाचं डोकं उबदार, म्हणून चित्रात फिकट. खाली आम्ही भिजून चिंब.

रडार तरी बघू म्हटलं. तिथेही तेच. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वाकते. सगळ्यात खालचा किरणसुद्धा अर्धा अंश वर रोखलेला असतो. दोनशे किलोमीटरवर तो चारेक किलोमीटर उंचीवर असतो. कुलाब्याचं रडार उत्तरेला, गोव्याचं दक्षिणेला, आणि मधल्या आमच्यासारख्यांच्या बुटक्या ढगांच्या डोक्यावरून दोघांचे किरण जातात. चित्रात आकाश स्वच्छ आणि माझ्या छत्रीच्या काड्या उलट्या.

म्हणून आमच्याकडे मी दुसरंच बघतो. पावसाळ्यात दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा आहे का, आणि समदाब रेषा किनाऱ्याजवळ दाटल्यात का. दाटल्या की तरवा (भाताची रोपं) काढायला माणसं सांगून ठेवतो.

---

चाकरमानी_ठाणे
कातळसडा, हे वाचून मी ॲप उघडलं आणि पहिल्यांदा रंगपट्टी कशाची आहे ते पाहिलं. तीन वर्षं मी वाऱ्याचा थर पाऊस समजून बघत होतो 🙏 आई म्हणते म्हणून तर तू दर वेळी छत्री विसरतोस.

---

सोलकढी
आणि तो पाऊस किती वेळाचा आहे तेही बघा. तीन तासांचा की तीन दिवसांचा? रंग तोच, अर्थ चोवीसपट वेगळा. सरकारी २४ तास तर सकाळी साडेआठला संपतात, रात्री बाराला नाही. आणि चार्टवर ०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दिसलं की साडेपाच तास मिळवायचे, पहाटे साडेपाच.

---

दर्यावर्दी७
ताई, मघाशी बोललो ते मागे घेतो. माझी एक शंका. लाटा ३ मीटर लिहिलं असताना बोटीवर त्याहून मोठी लाट येते. मग ते आकडे कसले?

---

समदाब
ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट जवळपास दुप्पट येऊ शकते. ३ वाचलं की मनात ६ ची जागा ठेवायची.

---

रापणकर
मामांना हे आधीच माहीत होतं, वेगळ्या शब्दांत. ते म्हणतात कागदावरची लाट ही "शाळेत गेलेली लाट".

परवा वर्गात पुन्हा प्रयत्न केला. या वेळी आधी पंधरा मिनिटं नुसतं शिकवलं: कमी दाबाभोवती आपल्याकडे वारा घड्याळाच्या उलट फिरतो, आणि वाऱ्याला पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला. (डच हवामानशास्त्रज्ञ बाईज बॅलट यांचा नियम, १८५७. मुलांना नाव आवडलं, "बाई" कोण म्हणून विचारत होती.) मग मैदानात नेलं. वारा खाडीकडून होता. सगळ्यांनी पाठ केली, डावा हात पसरला. पस्तीस पोरं एका दिशेला हात करून उभी, हेडमास्तर खिडकीतून बघत होते.

त्यानंतर नकाशे दिले, रंग काढून टाकलेले, नुसत्या समदाब रेषा, आणि पश्चिम वर. या वेळी बाण बरेचसे बरोबर आले. मग तोच नकाशा नेहमीसारखा उत्तर वर करून दिला, तेव्हा निम्मी मुलं कागद गुपचूप आडवा फिरवताना दिसली. मी काही बोललो नाही.

एक मुलगी मात्र कागद न फिरवता स्वतःच बाकावर आडवी वळून बसली. तिचे वडील ट्रॉलरवर असतात.

मामांसाठी तौक्तेच्या मार्गाचा नकाशा पश्चिम वर करून, मोठ्या कागदावर छापून घेतलाय. पडवीत लावला. त्यांनी पेन्सिलने त्यावर आमच्या बंदराचा खडक काढला, जो मूळ नकाशात नव्हता, आणि विचारलं, फ्यान आणि निसर्ग वादळांचे पण असे मिळतील का?

---

हर्णैकर
निसर्गचा मी करून देतो. हर्णै उजव्या हाताला येईल असा.

---

वाशिष्ठीकाठ
माझ्यासाठी पूर्व वर करा. आणि बोगदा मी स्वतः काढेन.